वन्संची काच

३ मार्च, मंगळवार

पीएचडीची यादी आली. सोळा नंबर. डबा खाता खाता वाचत होते, अकराव्या नंबरावर घास तोंडातच राहिला. वन्संची काच!

पीएचडी म्हणजे वरच्या मजल्यावर संशोधन करणारी मुलगी. नाव इतकं लांबलचक की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी नाद सोडला. तिला जुन्या काचा हव्यात (पेशी पसरून तपासतात त्या स्लाइडला आम्ही काचच म्हणतो). अशा बायकांच्या, ज्यांना आता गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालाय, पण पाच वर्षांच्या आतली तपासणी 'सर्व ठीक' निघाली होती. तळघरातल्या कपाटांतून त्या शोधून द्यायचं काम माझ्याकडे. पेशंटच्या सह्या तिने आधीच घेतल्यात. वन्संनी तर म्हणे न वाचताच सही ठोकली. मुलांना प्रश्न दोनदा वाचायला लावणारी बाई!

चार वर्षांपूर्वीची काच. शेरा: सर्व ठीक. सही: माझी.

डबा अर्धा परत आणला. नवऱ्याने विचारलं, "भाजी खारट झाली का?" हो म्हटलं. बिचाऱ्याने स्वतः केली होती.

४ मार्च, बुधवार

लिहूनच टाकते. इथे तरी खरं लिहावं.

आमच्या खात्यात एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पक्का. घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही, शेजाऱ्याच्या ट्रेमध्ये सरकवायची. मोठे डॉक्टर म्हणतात, "घरच्यांवर डोळा एक तर माया करतो नाही तर घाबरतो. दोन्ही डोळे आपल्याला नकोत." तेवीस वर्षं मी हे नवीन मुलामुलींना शिकवतेय.

आणि माझ्या नणंदेची, वन्संची काच मी वाचली. त्या वर्षी आमची तपासणीची गाडी त्यांच्या शाळेत गेली होती. मीच मागे लागले होते. वन्सं मुख्याध्यापिका, त्यांनी फर्मान काढलं, एकोणीसच्या एकोणीस शिक्षिका रांगेत उभ्या! पुढच्या दिवसापासून त्यांचे मला फोन. दिवसातून तीनदा. "आला का गं रिपोर्ट?" आवाज असा की ऐकवेना. मला वाटलं, धसका घेतलाय. म्हणून शेजारच्या ट्रेमधून काच उचलली, बघितली, आणि अर्ध्या तासात फोन केला — सगळं ठीक आहे, झोपा आता निवांत. त्यांनी मला तेच पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "बरं झालं."

आता त्यांना गाठ आहे. जानेवारीत कळलं. शरीराच्या दुसऱ्या भागात पसरलेली नाही, पण ऑपरेशनच्या पलीकडची. रेडिएशन चालू आहे. सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध.

५ मार्च, गुरुवार

काच सापडली. ड्रॉवरमध्ये ठेवली. बघितली नाही.

६ मार्च, शुक्रवार

पीएचडीला चहाला धरलं. म्हटलं, काचांचं नक्की करणार काय ते सांग तरी. तेवीस वर्षं पेशी बघतेय, पण पेशीच्या पोटात काय चालतं ते मला ढोबळच माहीत. मी म्हणजे दारावरची माणसं ओळखणारी. घरातली भांडणं तिला ठाऊक.

तिने बिस्किटाच्या पुड्यावर चित्र काढून सांगितलं. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, तो बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेकींच्या अंगातून आपला आपण जातो. एखादीत ठाण मांडतो. वर्षानुवर्षं पेशीत राहतो, पण पोटभाडेकरूसारखा — आपलं डीएनएचं वेटोळं वेगळं ठेवून. मग कधीतरी ते वेटोळं तुटतं आणि बाईच्या डीएनएमध्येच घुसून चिकटतं. तुटताना नेमका त्याचा तो तुकडा मोडतो, जो त्याच्याच दोन आगाऊ जनुकांना आवरून धरत असतो. आवरणारा गेला की दोघं मोकाट.

आणि आपल्या पेशीत गाठ होऊ न देणारी जनुकं असतात. त्यांतली दोन महत्त्वाची. एकाचं प्रथिन डीएनए बिघडला की पेशीला थांबवतं, ऐकलं नाही तर मारून टाकतं. दुसऱ्याचं प्रथिन वेळ आल्याशिवाय पेशीला दुणावू देत नाही. विषाणूची ती दोन आगाऊ पोरं या दोघांवरच सुटतात. एक पहिल्याचा फडशा पाडतं, दुसरं दुसऱ्याचे हात बांधतं. पुढे पेशीला विचारणारं कुणी नाही.

मी विचारलं, "म्हणजे आपली ती दोन्ही जनुकं खराब होतात?"

"नाही ना, मॅडम! तीच तर गंमत. या कॅन्सरात बहुतेक वेळा ती धडधाकट असतात. रोज नवं प्रथिन बनवतात आणि रोज ते खलास होतं. विषाणूची दोन जनुकं बंद पाडली ना, तर हे दोघं पुन्हा कामाला लागतात. काचेच्या बशीत आम्ही बघितलंय. माणसात अजून जमलेलं नाही."

हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

मग मुद्द्याचं. विषाणू घुसतो ती जागा प्रत्येक गाठीत वेगळी असते. गाठीतली जागा आणि जुन्या काचेवरच्या पेशींतली जागा एकच निघाली, तर त्याचा अर्थ साधा — तेव्हाच रोगाने घर केलं होतं आणि काच वाचणाऱ्याला दिसलं नाही. हे ती चहात बिस्किट बुडवत म्हणाली. काच वाचणारी समोर बसली होती, हे तिला माहीत नाही.

आणि काचेचं काय होतं? वरची पातळ झाकणकाच चार-पाच दिवस द्रावणात भिजवून सुटी करतात. मग पात्याने पेशी खरवडून घेतात. काच कोरी होते. पुन्हा कुणीही, कधीही, काहीही बघू शकत नाही.

७ मार्च, शनिवार

एक विचार आला. तो इथे लिहिला तर खरा होईल, म्हणून लिहीत नाही.

८ मार्च, रविवार

लिहिते. न बघता देऊन टाकावी. घुसण्याची जागा जुळली तर पीएचडीच्या तक्त्यात अकरा नंबरासमोर एक फुली पडेल. नाव नाही, सही नाही. मला आयुष्यभर म्हणता येईल की पेशी इतक्या थोड्या असतील की कुणालाच दिसल्या नसत्या. आपणच आपल्याला संशयाचा फायदा द्यायचा!

नवरा म्हणाला, "आज फार गप्प आहेस." म्हटलं, वयाचा परिणाम. "मग माझ्यावर का होत नाही?" म्हणाला. झालाय, पण गप्प बसण्याच्या बाबतीत नाही.

१० मार्च, मंगळवार

कामावरून परस्पर वन्संकडे गेले. हल्ली नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही. मी म्हणते, कारण त्यांना आवडत नाही. त्या मला सूक्ष्मबाई म्हणतात, तेव्हा फिट्टंफाट. 

रेडिएशनची सतरावी खेप झाली. वजन उतरलंय, जीभ जशीच्या तशी. सून रोज दुसऱ्या गावाहून फोन करून काय खाल्लं ते विचारते. "हजेरी घेते माझी," म्हणाल्या. शाळेतली मावशी तिथेच होती. घंटा देणारी, फळे पुसणारी, वीस वर्षं वन्संच्या हाताखाली. शाळा सुटली की थेट इकडे येते. भात लावते, पाय चेपते, शाळेत कोण कुणाशी भांडलं ते सगळं साग्रसंगीत सांगते. वन्सं तिच्यावर खेकसतात आणि ती आली नाही तर खिडकीशी जाऊन उभ्या राहतात.

पीएचडीने सांगितलेलं सगळं वन्संना सांगितलं. डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे दोन्ही शिक्षक शाळेत रोज येतात, आणि वर्गात शिरायच्या आत त्यांना कुणीतरी परत पाठवतं. शिक्षक चांगले आहेत ना? मग आशा आहे." मावशी दारातून म्हणाली, "बाई, पण पोरं तोवर दंगा घालणारच की." तिघी हसलो.

काचेबद्दल बोलले नाही. जमलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

पीएचडी: "मॅडम, पंधरा मिळाल्या. अकरा नंबर?" शोधतेय म्हटलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कामात खोटं बोलले.

१४ मार्च, शनिवार

बघितली.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. खिडकी उघडली, दिवा लावला, हात धुतले — हात कशाला धुतले कुणास ठाऊक. काच ठेवली आणि रोजच्यासारखी वाचायला घेतली. वरून खाली, ओळीने, एकही घर न सोडता. पहिली पंधरा मिनिटं सगळं गोजिरं. मोठ्या, पसरट, शांत पेशी. मनात म्हणत होते, बघ, उगाच जीव टांगणीला लावलास.

उजव्या कडेला, एका जाड थराच्या सावलीत, नऊ पेशी. लहान. केंद्रकं मोठी, काळपट, कडा वेड्यावाकड्या. शिकाऊ मुलीलाही ओळखता येतील अशा. त्यांना शोधायला हुशारी लागत नाही, त्या कडेपर्यंत जायचा धीर लागतो. त्या दिवशी मी तिथवर गेलेच नसणार. मला फोन करायची घाई होती.

पुन्हा मोजल्या. नऊच. पेनाने शेजारी ठिपके दिले, आम्ही देतो तसे. चार वर्षं उशिरा.

रडले. खूप नाही. मग बाकीचे आले.

१६ मार्च, सोमवार

मोठ्या डॉक्टरांना काच नेऊन दिली. त्यांनी बघितली, फोटो काढले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कर्करोग नव्हे, पण त्याच्या आधीची वरची पायरी. सही तुमची?" हो. "आणि पेशंट?" माझी नणंद.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पेशी सुटणं ही चूक. माझ्याही सुटल्यात. पण नियम का मोडलात?" मी सांगितलं, फोनवर फार घाबरल्या होत्या. ते म्हणाले, "म्हणूनच नियम आहे." सहा महिने माझी प्रत्येक तिसरी काच दुसऱ्याने तपासायची. योग्य आहे. लेखी कबुली दिली.

"घरी सांगितलंत?" नाही म्हटलं. "सांगा. रिपोर्ट बदलून जाणार. पत्राने कळू देऊ नका."

१७ मार्च, मंगळवार

अकरा नंबर पीएचडीला दिला. ठिपके तिने बघितले. दुपारी माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा होता.

१९ मार्च, गुरुवार

गेले, पण वन्संना औषधाने मळमळत होतं. परत आले. सबब मिळाली की पाय किती पटापट उचलतात!

२१ मार्च, शनिवार

सांगितलं.

मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तेवढ्यात. मी वाक्यं तयार करून नेली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "वन्सं, चार वर्षांपूर्वीची तुमची काच मी वाचली होती. वाचायला नको होती. त्यात वाईट पेशी होत्या, मला दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तर छोट्या उपचारात काम झालं असतं. माझ्यामुळे तुम्ही यात आहात."

मला वाटलं, ओरडतील. नाही तर 'चालायचंच' म्हणतील, त्यांचा तोही एक सूर आहे. दोन्ही नाही. चेहरा पांढराफटक. मग विचारलं, "त्या काचेवर खरंच वाईट पेशी होत्या?" हो म्हटलं. "नक्की? त्याच काचेवर?" हो. तिसऱ्यांदा तेच. मी म्हटलं, फोटो आहे.

शेवटी म्हणाल्या, "अशा पेशी असल्या, तर बाईच्या हाताशी किती वर्षं असतात?" मी सांगितलं, सगळ्यांच्या पेशी पुढे जात नाहीत. ज्यांच्या जातात त्यांना बहुधा दहा-दहा वर्षंही लागतात, कुणाला कमी. तुमचं नशीब वाईट, तुमच्या लवकर गेल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "जा तू आता."

गेले. जिन्यात मावशी भेटली, बादली घेऊन. "काय झालं ताई? बाई ओरडल्या का?" म्हटलं, नाही गं. ओरडल्या असत्या तर घरी जाऊन जेवले असते.

२२ मार्च, रविवार

फोन उचलत नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

रविवारीच नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. त्याची बहीण आहे शेवटी. त्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, "राग आलाय मला. तुझा आलाय की नुसताच आलाय ते कळत नाही. दोन दिवस दे." दिले. आज सकाळी चहा करून आणला आणि म्हणाला, "तुझा नाही." कपात साखर दुप्पट पडली होती. पूर्ण प्यायले.

२७ मार्च, शुक्रवार

काम आपलं आपण चालू राहतं. आज त्रेपन्न काचा. दोन संशयित, एक नक्की. तिसावं वर्ष नुकतंच लागलेली मुलगी. पेशी कडेला होत्या. मी आता कडेपासूनच सुरुवात करते.

१ एप्रिल, बुधवार

वन्संचं रेडिएशन संपलं. गाठ निम्म्याहून लहान झाली, असं डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. देव पावला! मी त्यांना भेटलेले नाही. नवरा सांगतो, "तुझं नाव काढलं की विषय बदलते. पण तुझा राग आहे असंही वाटत नाही. मावशीवर सारखी चिडते आणि मग तिलाच जवळ बसवते."

६ एप्रिल, सोमवार

पीएचडी धावत खाली आली. "मॅडम, अकरा नंबर बाद करावा लागणार."

विषाणू बघायच्या आधी ती एक साधी तपासणी करते: काचेवरची बाई आणि गाठीतली बाई एकच आहे ना. पंधराजणींची जुळली. अकरा नंबरची नाही! विषाणूचा प्रकारसुद्धा वेगळा. गाठीत तो बाईच्या डीएनएमध्ये घुसून बसलाय, काचेवर अजून वेगळाच राहतोय. "दोन वेगळ्या बायका आहेत. दोनदा करून बघितलं."

आधी वाटलं — सुटले! वन्संचं मी काही चुकवलं नाही. लाज वाटते लिहायला, पण चांगली पाच मिनिटं मी हलकी झाले होते. मग जिन्यातच बसले. त्या नऊ पेशी कुणाच्या तरी आहेत. आणि तिला आम्ही कधी काही कळवलंच नाही.

७ एप्रिल, मंगळवार

काचांची अदलाबदल झाली असणार. त्या दिवशीच्या शाळेच्या सगळ्या एकोणीस काचा काढल्या. पेन्सिलीचे नंबर, गाडीतल्या नर्सची वही, फॉर्म, सगळं ताडून बघितलं. एका आकड्याचा फरक नाही. एकोणीस फॉर्म, एकोणीस काचा. नर्स निवृत्त झालीय, फोनवर म्हणाली, "मी एका वेळी एकच काच हातात घेते. तेव्हाही तेच." मी तिला ओळखते. खरंच तसंच करते ती.

मोठे डॉक्टर म्हणाले, "बाकीच्या अठराजणींना पुन्हा बोलवा. त्यांच्यातलीच एक असणार." किती जणी बदलून गेल्या, किती जणींची आडनावं बदलली. पत्ते फक्त वन्संना माहीत. म्हणजे जावंच लागणार. दार उघडलं नाही तरी.

९ एप्रिल, गुरुवार

दार वन्संनी स्वतः उघडलं. मी काचेचं सांगितलं आणि अठराजणींचे पत्ते मागितले. त्या म्हणाल्या, "त्यांना नको बोलावू. त्या सगळ्या स्वतःच चढल्या होत्या गाडीत." खुर्ची धरून बसल्या. "मी नाही चढले. सगळ्यांना धाक दाखवून रांगेत उभं केलं आणि मला त्या टेबलाची भीती वाटली गं. यादी शिक्षिकांचीच, मावशीचं नाव त्यात नव्हतं; माझा फॉर्म तिच्या हातात दिला. म्हटलं, माझं नाव पुकारलं की ओ दे. तिने दिली. तिचं काही वाईट निघालं तर काय, म्हणून तुला ते फोन. एकवीस तारखेपासून रोज ठरवतेय तिला सांगायचं. रोज ती पाय चेपायला बसते."

मावशी आत तांदूळ निवडत होती. मी तिच्याशेजारी खाली बसले. सगळं सांगितलं, वन्संसमोरच. ती म्हणाली, "पण बाईंचा रिपोर्ट तर चांगला आला होता!" आणि मग तिचे हात थांबले.

उद्या सकाळी आठला तिची तपासणी. मी फक्त सोबत जाणार, काच शेजारच्या ट्रेमध्ये. फॉर्म तिथेच बसून भरला. नावाच्या रकान्यात या वेळी तिचं स्वतःचं नाव.